बिट्टूला राजगड दाखवायचा की टेकडी?

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. आम्ही कर्वेनगरला राहतो. आमचा बिट्टू लॅब्रडॉर आहे, तीन वर्षांचा, वजन 34 किलो. मिस्टरांनी कुठलंतरी रील बघितलं, त्यात एक कुत्रा गडाच्या बुरुजावर उभा आणि मागे ढग, आणि तेव्हापासून घरात एकच विषय, या पावसाळ्यात बिट्टूला राजगडावर न्यायचं आणि मग थंडीत कात्रज-सिंहगड. मला ऐकूनच धडकी भरते. बरं, जवळ टेकडीवर नेलं तर लोक बोलतात. एका आजोबांनी तर काठी उगारली. खरं सांगायचं तर चूक आमचीच होती, पट्टा सोडला होता आणि हा मोरामागे सुसाट सुटला. मग नेमकं न्यायचं तरी कुठे? आणि गाडीत बसला की उलट्या करतो, त्यावरही काहीतरी सांगा. – बिट्टूची आई"

बिट्टूच्या आई,

आधी मिस्टरांचं बघू, कारण ते रील डोक्यातून निघाल्याशिवाय पुढचं काही ऐकायचे नाहीत. त्यांना फक्त एक विचारा, राजगडाला गुंजवण्याकडून चोर दरवाज्याने जायचंय ना, मग वरच्या टप्प्यात जिथे रेलिंग धरून कातळावर चढावं लागतं तिथे बिट्टूला उचलणार कोण? 34 किलो म्हणजे गव्हाचं पोतंच की, आणि पोतं निदान गप्प पडून तरी असतं, हा पाय झाडणार, घाबरणार, वरून पाऊस, खाली शेवाळ, मागे शंभर माणसं रांगेत "अहो सरका" करत उभी. पाली दरवाज्याची वाट त्यामानाने पुष्कळ बरी, रुंद पायऱ्या आहेत, पण त्या पायऱ्याही उंच आणि उतरताना कुत्र्याचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो. लॅब्रडॉर जातीत खुब्याची आणि कोपराची दुखणी मुळातच फार, त्यात वजनदार गडी. चढताना तो तुम्हाला हसत हसत वर नेईल, दुसऱ्या दिवशी उठताना कण्हेल.

कात्रज-सिंहगड तर नकोच. लोक तेरा टेकड्या मोजतात त्यात, चढ-उतार चढ-उतार, वाटेत पाणी नाही, सावली नाही आणि मुख्य म्हणजे मध्येच "बास, आता घरी जाऊ" म्हणायची सोय नाही. माणूस निदान बोलून दाखवतो की माझे पाय गेले. लॅब्रडॉर सांगतच नाही हो. मालक चालतोय ना, मग मीही चालणार, असं करत करत तो आडवा पडेपर्यंत चालतो, आणि मग मध्यरात्री तिसऱ्या की चौथ्या टेकडीवर 34 किलोचं कुत्रं आणि दोन बॅटऱ्या घेऊन बसा.

आणि दुसरं म्हणजे बुरुजावर उभं राहून ढग बघायची हौस आपली असते. कुत्रा बाहेर पडतो तो नाकासाठी. आमची चिंगी, गावठी, कान एक उभा एक पडलेला, तिला मी सुरुवातीला हौसेने ओढत ओढत टेकडीच्या माथ्यापर्यंत न्यायचे आणि ती वर जाऊन सूर्योदयाकडे पाठ करून एका दगडाचा वास घेत बसायची. दहा मिनिटं एकच दगड! शेवटी मी नाद सोडला. आता ती थांबते तिथे मी थांबते, तासाभरात आमचं जेमतेम दोन किलोमीटर होतं आणि घरी आली की दुपारभर पाय ताणून ढाराढूर. बिट्टूलाही तेच पुरेल, आणि ते घराजवळ रोज मिळतं, वर्षातून एकदा नाही.

तर आता जागा. कर्वेनगरला राहून तुम्ही कुठे जाऊ म्हणून विचारताय म्हणजे कमालच आहे, अख्ख्या पुण्याच्या टेकड्या तुमच्या उशाशी आहेत!

पहिली वेताळ टेकडी. शहरातला सगळ्यात उंच भाग, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर, पण घाबरू नका, पुणंच मुळात साडेपाचशेच्या वर बसलंय, म्हणजे खरी चढण दोन-अडीचशे मीटरची, आणि तीही टाळायची असेल तर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी बरीच वर जाते, तिथून पुढे वेताळबाबाच्या देवळापर्यंत बहुतेक सपाट मातीची वाट. बिट्टूसारख्या वजनदार कुत्र्याला सुरुवात करायला हीच बाजू बेस्ट. पायाखाली माती आहे, डांबर नाही, दोन्हीकडे गवत आणि झुडपं, वासांची नुसती जत्रा. सरावला की मग लॉ कॉलेज रोडच्या कांचन गल्लीतून किंवा पाषाणच्या पंचवटीकडून चढा, तिकडे जरा दम लागतो. वरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठतं ते लांबूनच बघायचं, लॅब्रडॉरला पाणी दिसलं की त्याचं डोकं काम करत नाही आणि खाणीची कड सरळ खाली जाते, उतरणारा उतरेल, बाहेर कसा येणार? तिथे भटक्या कुत्र्यांचे कळपही भेटतात. ते त्यांच्या घरात आहेत आणि आपण पाहुणे, त्यामुळे दुरून दिसले की वाट बदलायची, हुश्-हुश् करत काठी फिरवायची नाही.

दुसरी कोथरूडची म्हातोबा टेकडी. तुम्हाला गाडीने दहा-पंधरा मिनिटं. आठवड्यातल्या मधल्या दिवसांसाठी छान, पाऊण तासात वर-खाली होतं. रविवारी सकाळी मात्र जाऊ नका, अर्ध्या कोथरूडचा व्यायाम तिथेच चालू असतो.

बाणेरची तुकाई टेकडी मला स्वतःला फार आवडते, कारण तिथे लोकांनी वर्षानुवर्षं पाणी वाहून झाडं जगवलीत आणि आता सावली झालीय. पण त्याच कारणासाठी तिथे जास्त जपायचं, रोपाच्या आळ्यात बिट्टूला उकरू देऊ नका, लावणारी माणसं तिथेच फिरत असतात आणि त्यांचं बोलणं खावं लागतं, ते रास्तही असतं. तळजाईला गर्दी फार, वनखात्याचं कुंपण आणि फाटकं आहेत, फाटकावरची पाटी आधी वाचायची आणि कुत्रा नको असं लिहिलं असेल तर वाद न घालता वळायचं. हे सगळ्याच टेकड्यांना लागू, या बऱ्याचशा वनखात्याच्या जागा आहेत आणि वेळा, नियम बदलत राहतात.

सिंहगड? अतकरवाडीकडून पायवाटेने चढायला तास-दीड तास लागतो आणि चढ चांगलाच अंगावर येतो. बिट्टू सहा महिने टेकडीवर नियमित गेला, वजन दोन-तीन किलो उतरलं, तर डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी, पहाटे, एकदा न्यायला हरकत नाही. वर प्रत्येक टपरीची स्वतःची दोन-तीन कुत्री असतात ते लक्षात ठेवा. आणि पिठलं-भाकरी खाताना त्याने केविलवाणं तोंड केलं म्हणून कांदाभजी अजिबात टाकू नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, तांबड्या पेशीच फुटतात. मडक्यातलं साधं दही चमचाभर चालेल. खडकवासल्याच्या पाण्यात डुंबायला सोडू नका, एक तर तळ कुठे खचेल सांगता येत नाही, आणि दुसरं म्हणजे तेच पाणी आपण पितो.

भीमाशंकर, ताम्हिणी, हरिश्चंद्रगडाचा परिसर, सुप्याचं मयूरेश्वर, ही अभयारण्यं आहेत, तिथे पाळीव कुत्रं न्यायचंच नाही. मिस्टर म्हणतील आमचा काय करतोय बिचारा, तर त्यांना गीरची गोष्ट सांगा. 2018 मध्ये तिथे एकामागून एक सिंह मेले आणि त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, म्हणजे जी लस आपण पिल्लाला दीड-दोन महिन्यांचं झालं की देतो ना, तोच आजार. लस घेतलेला बिट्टू तो पसरवणार नाही कदाचित, पण त्याच्या वासाने बिथरलेलं हरीण पिल्लाला सोडून पळेल त्याचं काय?

तंबू ठोकून मुक्काम वगैरे बेत असेल तर तोही सोडा. पानशेत, मुळशी, जुन्नर हा सगळा बिबट्याचा मुलूख आहे आणि बिबट्याला कुत्रा फार आवडतो, हे मी घाबरवायला सांगत नाही. नगर जिल्ह्यात अकोल्याच्या भागात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली तर त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळपास 39 टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. बाहेर खुंटाला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट.

आता ते काठीवाले आजोबा. चूक तुमची होती हे तुम्हीच लिहिलंत म्हणून मला पुढे बोलायला बरं वाटतंय. पट्टा सोडायचा नाही. कधीच नाही. "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य टेकडीवर मी इतक्यांदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस भिंतीला चिकटावा तसा झुडपाला चिकटलेला असतो. काही करत नाही हे तुम्हाला माहितीय, त्या आजोबांना कसं माहिती असणार, त्यांना 34 किलो अंगावर धावत येताना दिसतंय आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सहा महिने अंथरुणात. दीड-दोन मीटरचा साधा जाड पट्टा घ्या, तो बटण दाबून लांब होणारा दोरीवाला नको, त्या दोरीने माणसांच्या पोटऱ्या कापलेल्या मी बघितल्यात. गळ्यातल्या कॉलरऐवजी छातीवरचा हार्नेस, म्हणजे ओढलं तरी नरड्यावर ताण येत नाही. समोरून कोणी आलं की तुम्ही वाटेच्या कडेला सरकायचं, बिट्टूला "बस" म्हणायचं, हातात एक बिस्किट, माणूस गेला की बिस्किट तोंडात. पंधरा दिवस हे करा, मग माणूस दिसला की तो आपला आपणच बसेल आणि तेच आजोबा थांबून नाव विचारतील. आमच्या चिंगीला असेच एक काका भेटले, आधी "ही कटकट कशाला आणता" म्हणायचे, आता खिशात तिच्यासाठी चपातीचा तुकडा असतो. मला न विचारता देतात ते वेगळं.

शी उचलायची. टेकडीवरसुद्धा. "माती आहे, खत होईल" असं नसतं, त्यातून जंत पसरतात. आणि उचलून पिशवीची गाठ मारून झाडाला लटकवून ठेवणारे जे लोक आहेत त्यांना काय म्हणावं मला कळत नाही, उचललीच आहे तर घरी न्या ना.

आता जे मला खरं सांगायचंय ते, कारण हे कोणी सांगत नाही. कुसळ. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं वगैरे आपण म्हणतो, पण प्रत्यक्ष कुसळ किती जणांनी नीट बघितलंय? दिवाळीच्या आसपास टेकडीवरचं गवत पिवळं पडलं की चालताना सॉक्सला जे टोचतं ते. हातावर घेऊन बघा एकदा. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि मागे लांब काळपट शेपूट, दोरीसारखं पीळ घातलेलं. त्यावर पाण्याचा थेंब टाका, शेपूट आपोआप गोल गोल फिरायला लागतं, पीळ सुटतो. वाळलं की परत पीळ भरतो. गवताची ही जमिनीत बी पेरायची युक्ती, ओल-सुकीने बी स्क्रूसारखं आत आत जातं, आणि ती लव असल्यामुळे मागे येत नाही. आता हेच कुत्र्याच्या कानात गेलं तर? कान उबदार आणि ओलसर, आणखी काय पाहिजे.

चिंगीला दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात झालं. सकाळी टेकडीवरून आलो, दुपारपासून ती डोकं एका बाजूला झुकवून झटकायला लागली. मला वाटलं पाणी गेलं असेल. संध्याकाळी कानाला हात लावू देईना, रात्री पंज्याने ओरबाडून कानाची पाळी रक्ताळली. सकाळी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन दुर्बीण घातली आणि लांब चिमट्याने ओढून काढलं. इवलंसं काडीचं टोक, नखाएवढं. पडद्याला टेकलं होतं, अजून एक-दोन दिवसांनी पडदा गेला असता म्हणाले. तेव्हापासून ऑक्टोबर ते जानेवारी माझा नियम आहे, गवतातून वाट काढायची नाही, मळलेल्या वाटेनेच जायचं, आणि खाली आलो की गाडीत बसायच्या आधी तपासणी. पायाच्या बोटांच्या मधली जागा, काखा, जांघा, कानाची आतली बाजू, पापण्या. बिट्टूचे कान लोंबते आहेत म्हणजे कुसळाला वर छप्परच मिळालं, त्यामुळे तुम्ही डबल बघा. बोटांमध्ये एखादा फोड दिसला, तो सतत तिथेच चाटतोय, तर फोड समजून मलम लावत बसू नका, आत कुसळ असू शकतं.

त्याच तपासणीत गोचीडही बघून होतात. मूगाच्या दाण्याएवढी दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची, रॉकेल नाही, काडी पेटवून नाही. डॉक्टर महिन्याचं औषध देतात, मानेवर टाकायचं किंवा खायची गोळी, ते चुकवू नका. आणि कुत्रा दोन दिवस जेवला नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, तर टिक फीवर असेल का म्हणून लगेच रक्त तपासा. लॅब्रडॉर जेवला नाही ही बातमीच असते तशीही.

सापांचं थोडक्यात सांगते. घोणस, फुरसं, नाग तिन्ही आपल्या टेकड्यांवर आहेत. दगडांच्या ढिगात नाक घालू द्यायचं नाही. चावला असं वाटलं तर चालवायचं नाही, उचलायचं, कापायचं-चोखायचं-आवळायचं काही नाही, सरळ दवाखाना. माणसाला जे सापाचं औषध देतात तेच कुत्र्याला चालतं, पण प्रत्येक प्राण्यांच्या दवाखान्यात ते नसतं, म्हणून आजच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवा, ऐन वेळी कोणी फोन उचलत नाही. आणि हो, उचलायचं म्हटलं की परत ते 34 किलो आले, म्हणून एकटीने जाऊ नका.

उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत टेकडीवरून खाली. आपल्याला घाम येतो, कुत्रा जवळजवळ नुसता धापा टाकून गार होतो, आणि आपला सह्याद्रीचा काळा कातळ तव्यासारखा तापतो. उलटा हात सात सेकंद दगडावर ठेवून बघा, ठेववत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही ठेववणार नाही. चिकट लाळ गळतेय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, तर तिथेच थांबून पोटावर, जांघेत, पंज्यांवर साधं पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि तसंच ओलं घेऊन डॉक्टरकडे पळायचं. तासाभरासाठी त्याच्यापुरतं वेगळं लिटरभर पाणी न्या, तुमचं वेगळं. डबक्यातलं पिऊ देऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. त्याची लस वर्षाच्या डोसमध्ये असते, फाइल काढून तारीख बघा. रेबीजची पण बघा, आणि महापालिकेचं लायसन्स काढलं नसेल तर तेही काढून टाका.

सुरुवात चाळीस मिनिटांनी. दर आठवड्याला पाच-दहा मिनिटं वाढवा. बरगड्या हाताला लागतात का बघा, दिसायला नकोत पण बोटाला लागायला हव्यात. लागत नसतील तर 34 मधले काही किलो चपातीचे आहेत.

राहिली उलटी. निघायच्या आधी तीन-चार तास काही खायला घालायचं नाही, म्हणजे पहाटे जात असाल तर आपोआपच झालं. पाणी थोडं चालेल. मागच्या सीटवर, हार्नेस बेल्टला अडकवून, खिडकी दोन बोटं उघडी, एसी असेल तर तो नाकावर नको. आठवडाभर त्याला नुसतं गाडीत बसवून बिस्किट देऊन उतरवा, मग सोसायटीला एक चक्कर, मग म्हातोबापर्यंत. आत्ता त्याच्या डोक्यात गाडी म्हणजे दवाखाना असं बसलं असणार, दोन-चार वेळा गाडीतून उतरल्यावर टेकडी दिसली की अर्धी मळमळ तिथेच जाते. तरीही झालीच तर डॉक्टर गोळी देतात, माणसाची घरातली देऊ नका. आणि सीटवर जुनी सतरंजी टाका, टॉवेल पुरत नाही, मी करून बघितलंय.